तुझे चांदीचे डोळे

प्रिय गिरिजा,

पत्राच्या डोक्यावर सवयीने ‘चि.’ लिहायला गेले आणि हात थांबला. आपल्याकडे लहानांना चिरंजीव लिहितात. तुला ते लिहिता येत नाही, म्हणून मोठ्या माणसाला लिहावं तसं ‘प्रिय’ लिहिलं आहे. चालेल ना?

आज सकाळी उमाच्या गळ्यात मी तुझे डोळे बांधले. देवळीत ठेवलेले, चांदीचे. ते तुला न विचारता घेतले. खरं तर विचारलं होतं, पण उत्तर मिळालं नाही, आणि उत्तराशिवाय कुणाची वस्तू उचलायची नाही हे शाळेत मीच मुलींना सांगत आले. म्हणून हे पत्र. डोळे का घेतले ते तुला कळलं पाहिजे. उमाला तुझ्यासारखंच झालं होतं, गिरिजा. तीही गेली असती.

तू गेलीस तेव्हा तुझी ही धाकटी बहीण आईच्या कडेवर होती. आता पहिलीत जाते. तिला तू आठवत नाहीस. निदान आम्ही तरी तसं धरून चाललो होतो.

पहिल्यापासून सांगते. तुझंच आहे, पण तुला त्यातलं किती ठाऊक आहे कोण जाणे.

तुझा तो पहिला ताप. घसा सुजला होता, गल्लीतल्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या होत्या. मोठ्या, पांढऱ्या, मध्ये रेघ असलेल्या. आई गुळात दाबून द्यायची आणि तू गूळ चाटून गोळी हातात परत द्यायचीस, मग पाण्याबरोबर गिळवावी लागायची. ताप उतरत आला आणि अंगावर उठलं. तळहातांवर लाल चकत्या, मध्ये गडद, कडेला फिकट. ओठ सुजून फुटले. डोळे असे लाल झाले की तू पाहिलंस की समोरच्याने नजर काढून घ्यावी.

अज्जीने एकदाच पाहिलं आणि दाराला कडुलिंबाचा डहाळा लावला. “देवी आलीय घरात. आता फोडणी न्हाई, औषध न्हाई. पोरीला कुनी अरेतुरे करायचं न्हाई.”

त्या दिवसांत घर किती गप्प झालं होतं! चुलीवर तेल तडतडत नव्हतं, भांडं आपटत नव्हतं. मागच्या आळीतले कापडाचे माग चालू असायचे, त्यांची खडखड तेवढी भिंतीतून यायची. वीज गेली की तीही थांबायची. मग नुसता लिंबाचा वास आणि तुझा श्वास. अज्जी तुझ्या उशाशी हात जोडून विचारायची, “माय, काय पायजे तुला? काय नको?”

आणि तू जाड्या आवाजात कानडीत म्हणालीस, “गुळगी ब्याड.” गोळी नको.

अज्जीने लगेच सगळ्यांना बजावलं, देवीने गोळी नाकारली. गोळ्या उकिरड्यावर गेल्या. मी अज्जीशी भांडले. तुझी अज्जी म्हणजे माझी अव्वा, माझी आई, तरी भांडले. बी.एस्सी. होऊन मुलींना शास्त्र शिकवणारी बाई मी, माझ्याच घरात लिंबाचा पाला आणि नमस्कार! तू पलंगावरून माझ्याकडे बघत होतीस. म्हणालीस, “आत्या, तूच एकटी हात जोडत नाहीस. हात जोड.”

मी म्हणाले, “तू गिरिजा आहेस. झोप.”

तू हसलीस. फुटलेल्या ओठांनी. ते हसू माझ्या भाचीचं नव्हतं, एवढंच लिहिते. शास्त्र शिकवणाऱ्या बाईने याहून जास्त लिहू नये.

तेव्हाच ती दोन माणसं आली होती, आठवतं? सरकारची, घरोघर देवीचे रोगी शोधत हिंडणारी. त्यांच्याकडे एक चित्र होतं, फोड आलेल्या मुलाचं. “असं कुनी हाय का घरात?” अज्जी दारात आडवी उभी राहिली. देवीची चुगली सरकारकडे करायची नसते म्हणे. मी तिला बाजूला केलं आणि त्यांना आत आणलं. त्यांनी तुझा हात उजेडात धरला, चित्राशी ताडून पाहिलं आणि म्हणाले, “ही देवी न्हाय बाई. दुसरं कायतरी हाय.” आणि पुढच्या घरी गेले. त्यांचं काम तेवढंच होतं.

मी अज्जीला म्हणाले, “ऐकलंस?”

अज्जी म्हणाली, “सात बहिणी हायत. ही न्हाई तर दुसरी.”

आमचं भांडण तिथे मिटलं. ती तिच्या जागी बरोबर, मी माझ्या जागी बरोबर. देवी आहे की नाही यावरच एवढं बोलणं झालं की ‘दुसरं कायतरी’ म्हणजे काय, हे त्या घरात कुणी विचारलंच नाही. डॉक्टरांनीही नाही. तू बरी होत होतीस, आणि बऱ्या होणाऱ्या मुलाबद्दल कोण प्रश्न विचारतं?

तू बरी झालीस, पण तुझ्या डोळ्यांतलं पाणी गेलं. उन्हात डोळे उघडत नव्हते. सोलापुरात ऊन टाळून जायचं कुठे? तू डोक्यावर पाटी धरून शाळेला यायचीस. एकदा मधल्या सुट्टीत पडलीस, गुडघा फुटला. तू तोंड वेडंवाकडं करून रडत होतीस आणि गाल कोरडे. मुली गोळा झाल्या. “खोटी रडते गं ही, पाणी कुठंय?” तू रडायचं थांबवलंस आणि त्यांच्याकडे टक लावून पाहिलंस. मुली एकेक करून मागे सरल्या. मी व्हरांड्यातून पाहत होते. मीही एक पाऊल मागे सरकले असेन.

अज्जी म्हणाली, देवीने पोर ठेवली आणि आसवं नेली. म्हणून तिने चांदीचे डोळे नवसले. सराफाकडून आणले, बोटाच्या पेराएवढे, मध्ये काळी बाहुली. देवीला वाहायला जायचं होतं. जाऊ, जाऊ म्हणता उन्हाळ्याची सुट्टी लागली आणि तू आईबरोबर मामाकडे बार्शीला गेलीस.

तिथे तुला लघवीला जळजळ सुरू झाली. बार्शीच्या डॉक्टरांनी आईला विचारलं होतं, गिरिजा. त्यांनी नीट विचारलं होतं. “हिला पूर्वी कुठल्या औषधाचा त्रास झाला होता का?” आई म्हणाली, “नाही हो. औषधाचा कधीच नाही. गेल्या वर्षी देवी येऊन गेली, तेवढंच.”

ती खोटं बोलली नाही. तिला जे ठाऊक होतं ते तिने सांगितलं. आम्हा सगळ्यांना तेच ठाऊक होतं.

पहिल्या खेपेला अंगावर उठायला गोळ्या संपत याव्या लागल्या होत्या. या खेपेला दुसरा दिवस उजाडला आणि उठलं. तार आली तशी मी आणि तुझे अप्पा एस.टी.ने निघालो. मामाच्या दारालाही लिंबाचा डहाळा होता. तो पाहून अप्पा म्हणाले, “अक्का, परत आली का गं ती?” मला तो प्रश्न मूर्खपणाचा वाटला. आज वाटत नाही.

तुझे डोळे मिटलेले होते, उघडत नव्हते. तू मला पावलांवरून ओळखलंस. “आत्या, हात जोडलेस का?”

मला तुझा हात धरायचा होता. तो धरण्यासारखा राहिला नव्हता. बोट लावलं तरी कातडी सरकत होती. माझे हात नुसते मांडीवर पडून राहिले, जोडलेले नाहीत आणि तुझ्या हातातही नाहीत. त्या दुपारी तू गेलीस.

यापुढचं ऐक. हे तुला ठाऊक नाही.

अज्जीने ते डोळे देवीला वाहिले नाहीत. देवळीतल्या नारळाला लावले आणि म्हणाली, ही आता आमची गिरिजा. मला ते आवडलं नाही. त्या खोलीत कुठेही उभं राहा, बाहुल्या आपल्याकडेच. पेपर तपासायला मी दुसऱ्या खोलीत बसू लागले. देवळीच्या खोलीत मागांची खडखड फार येते, असं सगळ्यांना सांगितलं. वास्तविक माग त्या दुसऱ्या खोलीलाच जास्त जवळ होते.

तुझे अप्पा मात्र बदलले. अज्जीला तोंडावर म्हणाले, “देवी देवी करत माझी मुलगी घालवलीत. औषध मध्येच बंद केलं नसतं तर ती कायमची बरी झाली असती.” त्यांनी शपथ घेतली, या घरात पुन्हा औषध बंद होणार नाही. मला बरं वाटलं. माझा भाऊ अखेर माझ्यासारखा विचार करू लागला होता.

आणि या शिमग्यानंतर उमाला ताप आला. घसा. तेच डॉक्टर. आठवडाभराच्या गोळ्या. त्या संपत आल्या तेव्हा एका दुपारी मी शाळेतून आले, तर चुलीपाशी शांतता. तेल नाही, मोहरी नाही. दाराला डहाळा. अज्जी उमाच्या उशाशी. वीज गेलेली, माग बंद.

मी उमाचा हात उघडला. तळहातावर चकत्या. मध्ये गडद, कडेला फिकट.

मागच्या खोलीत अप्पा वाटीत गोळी कुटत होते. डॉक्टरांकडून नव्या गोळ्या आणल्या होत्या. “इन्फेक्शन पसरतंय म्हणाले. गोळ्या थांबवायच्या नाहीत. अव्वा आडवी आली तरी उमाला धरून पाजतो.”

देवीचा रोग देशातून गेला, हे मी स्वतः वर्गात फळ्यावर लिहून दिलं होतं. देवी नाही. मग या घरात येते ती कोण? एकाच घरात, दोन बहिणींच्या, एकाच जागी, तळहातावर?

मी तुझ्या आईला विचारलं, “बार्शीला गोळी कसली होती?”

“पांढरी. मोठी.”

“मध्ये रेघ?”

तिने अप्पांच्या वाटीकडे पाहिलं. वाटीत अर्धी गोळी अजून कुटायची राहिली होती. रेघेवर मोडलेली.

मी अप्पांना म्हणाले, “मल्लू, थांब. या गोळीनेच होतंय. तिन्ही वेळा गोळी आधी आली आहे आणि देवी नंतर.”

“अक्का, तू सुद्धा? तूच शिकवलंस ना, औषध म्हणजे औषध?”

“शिकवलं.”

“मग आता अव्वाची भाषा बोलू नकोस. हो बाजूला.”

वीस वर्षं मी त्याला जे सांगत आले ते त्याने पूर्ण ऐकलं होतं. आता दुसरं सांगायला मला तोंड नव्हतं. तो वाटी घेऊन पलंगापाशी गेला. उमाने तोंड दाबून धरलं होतं. त्याने तिचं नाक दाबायला हात लावला.

उमाने डोळे उघडले. ती त्याच्याकडे नाही, माझ्याकडे पाहत होती. ते डोळे मी ओळखते. आणि जाड्या आवाजात ती म्हणाली, “अप्पा, गुळगी ब्याड.”

उमाला कानडी येत नाही. तुझी आई बार्शीची, घरात मराठीच. कानडी फक्त अज्जीच्या तोंडी. अज्जीकडून ऐकलं असेल. मुलं ऐकतात. मी हे स्वतःला पुष्कळदा सांगितलं आहे. पण ती पुढे म्हणाली, “आत्या, हात जोड.”

हे तिला कुणी सांगितलं? मी तुझ्या आईला नंतर विचारलं. तिने सांगितलं नाही. अज्जीने सांगितलं नाही. मी तर कधीच नाही.

मी हात जोडले.

पलंगाच्या कडेला, चपला घातलेल्या पायांनी, शाळेच्या पातळात उभी राहून मी हात जोडले आणि विचारलं, “माय, तुला काय नको?” अज्जी विचारायची तसंच. माझा आवाज बरोबर लागला नाही. तरी विचारलं.

“गुळगी ब्याड.”

तुझे अप्पा उमाकडे बघत नव्हते. माझ्या हातांकडे बघत होते. जन्मात त्यांनी ते जोडलेले पाहिले नव्हते. त्यांची वाटी तिरकी झाली, गुळाचं पाणी फरशीवर सांडलं आणि ते तिथेच खाली बसले. अज्जी म्हणाली, “बघ. आली का न्हाई सुद्धीवर?” मला म्हणाली की देवीला उद्देशून, कळलं नाही.

माझे जोडलेले हात तुला पोचले का गिरिजा? की मी ते फक्त माझ्या भावाला दाखवले? खरं सांगते, मला माहीत नाही. गोळी थांबवायला मी काहीही केलं असतं. पण हात सोडायला मला वेळ लागला, एवढं खरं.

मग मात्र मी माझ्या मूळ स्वभावावर आले. “आता नमस्कार पुरे. टांगा आणा.” अज्जी म्हणाली देवीला उंबऱ्याबाहेर नेत नाहीत. मी म्हणाले, “तिने गोळी नको म्हटलंय. दवाखाना नको म्हटलेलं मी ऐकलं नाही. तू ऐकलंस?” अज्जी उंबऱ्यातून बाजूला झाली. कोणत्याही देवीपुढे हा मुद्दा टिकला असता.

मोठ्या दवाखान्यात कातडीच्या रोगांच्या डॉक्टरीण बाई होत्या. मी उरलेली गोळी त्यांच्या टेबलावर ठेवली आणि तिन्ही वेळांचं सांगितलं. त्या ऐकताना लिहायच्या थांबल्या. म्हणाल्या, ही सल्फाची गोळी. लाखो मुलं घेतात आणि बरी होतात. एखाद्याच शरीराला ती सोसत नाही, आणि मग ते शरीर स्वतःचीच कातडी जाळतं. डोळे, तोंड, सगळं. एकदा झालं की जन्मभर ती गोळी शिवायची नाही, कारण पुढची खेप पहिलीपेक्षा वाईट. सख्ख्या बहिणीलाही जपावं लागतं.

“पहिल्या वेळी गोळी थांबवली कुणी?” त्यांनी विचारलं.

मी म्हणाले, “देवीने.”

त्या हसल्या नाहीत. “थांबवली म्हणून ती मुलगी वाचली होती,” म्हणाल्या. “पण तुम्ही कारण चुकीचं लक्षात ठेवलंत.”

हे वाक्य मी दवाखान्याच्या बाकावर बसून पुष्कळ वेळ ऐकत होते. अज्जीने तुला वाचवलं होतं. आणि ज्या ‘देवी’ शब्दाने वाचवलं, त्याच शब्दाने पुढच्या वर्षी तुला नेलं. रागवायचं कुणावर? मी यादी करून पाहिली मनात. कुणीच बसत नाही.

उमाचे डोळे रोज धुवायचे, औषध घालायचं. ती ओरडायची. एके दिवशी औषध घालण्याआधीच ओरडली, नुसतं बाटली बघून, आणि तिच्या गालावरून पाणी ओघळलं. तुझ्या आईने आणि मी एकमेकींकडे पाहिलं. मी आयुष्यात कुठल्याही मुलीला रड म्हटलेलं नाही. तेव्हा म्हटलं.

ती घरी आल्यावर मी ठरवलं, आता घरात कुणाच्या आठवणीवर विसंबायचं नाही. आपण म्हातारे होऊ, उमा सासरी जाईल, कुणी विचारील आणि कुणीतरी म्हणेल, लहानपणी देवी आली होती, तेवढंच. ते उमाच्या अंगावरच लिहिलेलं हवं. मी अज्जीकडे डोळे मागितले.

“देवीचं परत घेत न्हाईत.”

“अव्वा, ते देवीचे नाहीत. गिरिजाचे आहेत.”

“मग तिला विचार की. मला काय विचारतीस?”

म्हणून मी देवळीपुढे उभी राहून तुला विचारलं. भर दुपार होती. माग चालू होते. बाहुल्या माझ्याकडे बघत होत्या, नेहमीसारख्या. मी उत्तराची वाट पाहिली. मग डोळे काढून रुमालात बांधले. नारळ मागे तसाच राहिला, दोन फिकट डागांचा.

सराफाने ते ठोकून जोडून एक चकती केली. पुढे अक्षरं कोरून घेतली: ‘सल्फा देऊ नये’. तो म्हणाला, “बाई, हा कुठला देव म्हणायचा?” मी म्हणाले, “नवीन आहे. नीट कोर.” अज्जी चकतीला देवाचा टाक म्हणते आणि सकाळी कुंकू लावते. लावू दे. अक्षरांत कुंकू भरलं की ती जास्त ठळक दिसतात.

एक गोष्ट उरली. चकती काल संध्याकाळी घरी आली. मी ती रात्रभर देवळीत ठेवली, कोरड्या फडक्यावर. आज सकाळी उचलली तर मागची बाजू ओली होती. मागे अजून दोन डोळ्यांचे आकार पुसट दिसतात, ठोकून पुरते गेले नाहीत. पाणी तिथे होतं. पाण्याचा तांब्या लांब होता. दिवस चैत्राचे, हवेत ओल नावाला नाही, धुतलेलं पातळ हातात वाळतं. मी ती पुसून उमाच्या गळ्यात बांधली. दुपारी ती शाळेतून आली तेव्हा उलटून पाहिली. पुन्हा ओली.

घाम असेल. मुलगी उन्हातून आली होती. पण सकाळी ती कुणाच्याच गळ्यात नव्हती.

हेच तुझं उत्तर आहे का?

गिरिजा, तुला शब्द देते. मी आहे तोवर मी पाहीन, आणि माझ्यामागे उमाला स्वतःला सांगता येईल असं तिला पाठ करून देईन: या घरातलं कुणी कुठल्याही डॉक्टरापुढे ‘देवी आली होती’ म्हणणार नाही. आम्ही म्हणू, आमची एक मुलगी सल्फाने गेली. तुझं नाव घेऊन म्हणू. आज उमाने धडा म्हणून दाखवला. मी विचारलं, “डॉक्टर काय विचारतील?” तिने बरोबर सांगितलं. “आणि तू काय म्हणशील?” ती म्हणाली, “गुळगी ब्याड.” मी म्हटलं, मराठीत सांग. तिने मराठीत सांगितलं.

आणि चकती ओली झाली तर पुसायची नाही, असं मी तुझ्या आईला सांगून ठेवलं आहे. तुझी आसवं तुला उशिरा मिळाली आहेत, ती राहू देत.

हात जोडून,
तुझी आत्या